शून्याच्या जरा पुढे

मी एक ताणकाटा बोलतोय. एरवी माझ्या हुकाला काही अडकवल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. आज हूक रिकामा आहे, तरी बोलतोय, कारण गप्प राहवत नाही. वर एक कडी, खाली हूक, मध्ये गोल तबकडी, तबकडीवर एक सुई आणि पोटात स्प्रिंग. शाळेच्या पुस्तकात मला ताणकाटा म्हणतात, दुकानात नुसतं काटा. स्वस्थ बसणं माझ्या जातीतच नाही. जवळून कुणी चालत गेलं तरी माझी सुई थरथरते.

माझा जन्म कारखान्यातला. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्यांनी माझ्या हुकाला एक वजन लावलं, काढलं, परत लावलं, सुईकडे डोळे बारीक करून बघितलं आणि पाठीवर शिक्का मारला. तिथून निघालो तेव्हा माझी सुई बरोब्बर शून्यावर होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं भांडण त्या शून्यावरून झालं.

मला विकत घेतलं एका रद्दीवाल्यानं. त्यांना आपण आजोबाच म्हणू, कारण ही सगळी गोष्ट त्यांच्या नातीची आहे. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. भिंतीला लागून वर्तमानपत्रांचे गठ्ठे, वह्यांचा ढीग, बाटल्यांची पोती आणि मध्ये आढ्याच्या दांडीला मी. टांगल्या टांगल्या आजोबांनी माझ्या पाठीवरचा स्क्रू नाण्याच्या कडेनं फिरवला. माझी सुई शून्य सोडून अर्धा किलो पुढे जाऊन थांबली. मग त्यांनी स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका दिला, म्हणजे पुन्हा कुणी हात लावायला नको.

गिऱ्हाइकं विचारायची, "अहो, काटा रिकामाच पुढे आहे की!"

"दिसतंय ना? मग झालं. तुमच्याच बाजूला आहे. महिनाभर रद्दी साठवता, बांधता, इथवर उचलून आणता. त्याचं काही नको?"

आजोबा रद्दी विकत घेणारे, गिऱ्हाईक विकणारं. मी अर्धा किलो जास्त दाखवला की फायदा गिऱ्हाइकाचा. हा सरळ हिशोब लहान पोरालाही कळत होता. लोक हसायचे आणि लांबून लांबून आमच्याकडेच यायचे. मलाही माझा अभिमान वाटायचा. उदार काटा जगात किती असतील?

नात रोज शाळेतून येऊन माझ्याखाली गठ्ठ्यावर बसायची. बसायची म्हणजे काय, दोन मिनिटं बसायची आणि तीनदा उठायची. आजोबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. आकडे ती माझ्या तबकडीवरून शिकली.

आजोबा गेले आणि दुकान तिच्या बाबांकडे आलं. मोठ्या माणसांची एक खोड मी बघत आलोय. वडिलांनी केलेली गोष्ट ते देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी ठेवतात. ती का केली होती हे विचारायला गेलं की "तुला काय कळतंय" म्हणतात. बाबा दर सणाला माझी तबकडी पुसायचे, लाल ठिपक्याला बोट लावायचे आणि भिंगरीला सांगायचे, "आपला काटा गिऱ्हाइकाच्या बाजूचा. विसरू नकोस." ती मान डोलवायची आणि पळायची.

ती शिकली. इतकी शिकली की परदेशातल्या कॉलेजनं तिला बोलावलं. मग बॅग भरण्याचा दिवस आला आणि मला दुकानातून घरात आणलं.

खोलीभर माणसं. बॅग माझ्या हुकाला. मी बाबांच्या दोन हातांत.

"अर्धा किलो जास्त आहे," बाबा म्हणाले.

"मग पुस्तकं काढ तिची," आत्या म्हणाली.

"आत्या, मी शिकायला चाललेय."

"म्हणूनच म्हणते, पुस्तकं तिथं ढिगानं मिळतील. हे स्टीलचे डबे कुठं मिळणार?"

"डबे तिथं कशाला लागणार आहेत मला?"

"लागल्यावर मला फोन करून रडू नकोस म्हणजे झालं."

डबे आत्याचे, ते निघेनात. सतरंजी बाबांची, ती निघेना. शेवटी भिंगरीनं स्वतःचा जाड स्वेटर ओढून काढला आणि पलंगावर फेकला. "घ्या. झालं समाधान?" काट्याची सुई मुळातच अर्धा किलो पुढे आहे, हे त्या भरल्या खोलीत एकालाही आठवलं नाही. विमानतळावरच्या काउंटरवर बॅग हलकी भरली. "अजून जागा आहे," तिथला माणूस म्हणाला. भिंगरीनं बाबांकडे बघितलं. बाबा छताकडे बघू लागले. आत्या म्हणाली, "जाऊ दे, तिकडं वजन करायला हा काटाच राहू दे तुझ्याकडे," आणि घरून बरोबर आणलेल्या मला तिच्या खांद्यावरच्या पिशवीत कोंबलं. असा मी परदेशी गेलो. स्वेटर घरीच राहिला.

तिथं एका हॉस्टेलच्या खोलीत कपाटाच्या मुठीला मी लटकू लागलो. मुलगी दिवसभर कॉलेजात आणि मी बेकार. माझे दिवस उजाडायचे ते सुट्टी जवळ आल्यावर. मोठ्या सुट्टीच्या आधी तर खोलीबाहेर रांग लागली. सगळ्यांना आपापल्या घरी सणाला जायचं होतं आणि सगळ्यांच्या बॅगा फुगलेल्या. भिंगरी एकेकीला बजावत होती, "अर्धा किलो वजा कर, मग खरं वजन." विमानतळाचा धडा ती विसरली नव्हती. एकेक बॅग माझ्या हुकावरून खाली उतरली आणि खडखडत जिन्याकडे गेली. शेवटची गेली तेव्हा भिंगरी दारात उभी राहून जिना ऐकत होती.

तिला इतक्या लांब जाऊन यायचं परवडणारं नव्हतं. ती राहिली.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेली आणि हात हलवत परत आली. तिथला सर्वांत मोठा सण होता आणि सगळं बंद होतं. दुकानं, खाणावळ, वाचनालय, बस. तिथल्या माणसांना हे इतकं ठाऊक असतं की नव्या माणसाला सांगावं असं कुणाच्या मनातही येत नाही. दिव्यांच्या माळा मात्र रस्ताभर. आणि हॉस्टेलच्या दारावर सूचना: नळदुरुस्तीसाठी उद्या सकाळपासून सुट्टी संपेपर्यंत इमारत बंद. आपली सोय आपण करावी.

घरून फोन आला. पडद्यावर बाबा आणि त्यांच्या खांद्यामागून आत्या.

"तिकडं सण आहे म्हणे आज. मग तू अशी एकटी का बसलीयेस?"

"सण आहे म्हणूनच एकटी आहे, आत्या."

"काहीतरीच. सणाला कुणी एकटं असतं का?"

"तुम्हाला ना सांगून उपयोग नाही." तिनं फोन पलंगावर टाकला आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. प्रत्येक फेरीला कपाट हलायचं, कपाटाबरोबर मी. उद्या बॅग घेऊन कुठं जायचं, हे तिनं घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिकडून सल्ल्यांचा पाऊस पडला असता आणि छप्पर कुणीच दिलं नसतं.

मग ती तणतणत खाली उतरली आणि थोड्या वेळानं धापा टाकत परत आली ती थेट माझ्याकडे. मुठीवरून मला खेचून घेतलं, पलंगावरचा फोन उचलला आणि पळत सुटली. वाटेत फोनवर बाबांना सांगत होती, म्हणून मलाही कळलं. कोपऱ्यावरच्या फळवाल्या बाई दुकानातून पेट्या बाहेर काढत होत्या. त्यांनी हिला बघितलं आणि म्हणाल्या, "नुसती उभी काय राहिलीस? धर!" हिनं पेटी धरली. सणाच्या संध्याकाळी त्या गल्लीत सगळे आपापली टेबलं बाहेर मांडतात, विकतात, खातात, गातात. फळवाल्या बाईंची सफरचंदं दरवर्षी असतात. यंदा नेमका त्यांचा विजेचा काटा पाण्यानं भिजून बंद पडला होता.

"मी म्हटलं, माझ्याकडे आहे काटा! आणि बाबा, त्यांच्या घरात वरची खोली रिकामी आहे. संध्याकाळभर मदत कर, मग सुट्टीभर राहा म्हणाल्या. पण घर त्यांच्या एकटीचं नाही. मोठा भाऊ राहतो वर, रिटायर्ड मास्तर. त्यांचा होकार पाहिजे. ते खडूस आहेत म्हणे."

"म्हणजे राहायला जागा नाहीये तुला?" बाबा ओरडले.

"आता मिळेल ना! काम करू द्या मला."

दुकानाच्या पत्र्याखाली लोखंडी दांडीला तिनं मला टांगलं. कितीतरी दिवसांनी दांडी, गर्दी, आरडाओरडा. माझ्या स्प्रिंगमध्ये जीव आला. तिनं फोन एका पेटीला टेकून उभा केला, म्हणजे बाबांना आणि आत्याला सण बघता यावा.

"सुई पुढे दिसतेय," फळवाल्या बाई म्हणाल्या. तिथली भाषा वेगळी, पण मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो, भिंगरीही फोनमध्ये तसंच सांगत होती.

"मुद्दाम आहे, मावशी," भिंगरी ऐटीत म्हणाली. "आमच्या आजोबांनी ठेवलीये. गिऱ्हाइकाच्या फायद्यासाठी."

"वा! चांगली माणसं दिसता."

फोनमधून बाबांची छाती फुगलेली मला दिसली. माझीही फुगली. आम्ही सगळे किती शहाणे होतो बघा! शिकलेली मुलगी, मुरलेले दुकानदार बाबा, जन्मभर फळं विकलेल्या बाई आणि खुद्द मी. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

गल्ली भरली. वाजवणारे आले. सफरचंदांच्या पिशव्या माझ्या हुकाला लागत होत्या, उतरत होत्या. भिंगरी मोडक्यातोडक्या भाषेत ओरडत होती आणि लोक तिच्या उच्चारांना हसत जास्तच घेत होते. एका आजींनी तिच्या गळ्यात स्वतःचा मफलर टाकला आणि "कुडकुडतेयस की" म्हणून पुढे गेल्या. किती दिवसांनी मी तिला अशी खिदळताना बघत होतो.

तेवढ्यात जिन्यावरून मास्तर उतरले. हातात त्यांनीच थोड्या वेळापूर्वी नेलेली पिशवी. गर्दीतून वाट काढत ते माझ्यासमोर आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिले. मी रिकामा होतो.

"घरच्या काट्यावर अर्धा किलो कमी भरली. आणि हा बघा. हुकाला काही नाही, तरी सुई पुढे."

पिशव्या घेऊन निघालेले लोक वळले.

"हो, मुद्दाम!" भिंगरी खुशीत म्हणाली. "गिऱ्हाइकाचा फायदा व्हावा म्हणून."

वाजवणाऱ्यांमधला एक जण वाजवायचा थांबून बघायला लागला.

फोनमधून बाबा म्हणाले, "सांग त्यांना, आपल्या घराण्याची पद्धत आहे ही!"

"गिऱ्हाइकाचा?" मास्तर सावकाश म्हणाले. "गिऱ्हाईक तर मी आहे."

भिंगरीनं पिशवीकडे बघितलं. सुईकडे बघितलं. पुन्हा पिशवीकडे. मग तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आजोबांच्या दुकानात माणसं माल घेऊन यायची. इथं माल घेऊन जात होती. तोच अर्धा किलो तिथं दान होता आणि इथं सरळ सरळ मापातलं पाप. मी तोच, सुई तीच, ठिपका तोच.

"बाहेरून येतात, काटे पण बरोबर घेऊन येतात," मागून कुणीतरी म्हणालं.

"हिला घरात ठेवायची म्हणतेस?" मास्तर बहिणीला म्हणाले.

फळवाल्या बाई हिच्याकडे बघत होत्या. हो म्हणेनात, की नाही म्हणेनात.

मला वाटलं, आता ही मला टाकून पळणार. तिनं पाय उचललाही होता. पण तिनं टेबलावरची फळं कापायची सुरी उचलली, मला दांडीवरून काढून टेबलावर पालथं घातलं आणि लाल ठिपका खरवडायला लागली.

"ए! हात लावू नकोस त्याला!" फोनमधून बाबा ओरडले. "आजोबांनी लावलेला आहे तो!"

"माहीत आहे."

"आत्ताच्या आत्ता ठेव ती सुरी!"

"बाबा, लोक थांबलेत."

"चढवून ठेवलीयेस तू हिला," आत्या बाबांना म्हणाली. बाबा आणखी काही म्हणाले, पण भिंगरीनं सुरीचं टोक स्क्रूत घातलं आणि फिरवलं. इतक्या वर्षांचा जाम झालेला स्क्रू, तो सहज थोडाच फिरतोय? माझ्या पाठीतून कळ गेली. मग तिनं मला टांगलं. सुई मागे आली, थरथरली आणि शून्यावर उभी राहिली.

फोनचा पडदा काळा झाला होता. बाबांनी फोन बंद केला होता.

भिंगरी पेटीवर चढली. "ज्यांनी सफरचंदं नेलीत ते परत या! सगळ्यांना कमी दिलंय मी. चूक माझी आहे, मावशींची नाही. या आणि अर्धा अर्धा किलो घेऊन जा!"

आधी दोघं तिघं आले, मग झुंबड उडाली.

"माझी तर खाऊन झाली. आता काय मोजणार?" एका बाईंनी विचारलं.

"खाणाऱ्यांनाही मिळतील."

"मी दोनदा घेतली होती."

"मग दोनदा घ्या."

ज्यांनी मुळात काही घेतलंच नव्हतं तेही रांगेत घुसले. भिंगरीला ते कळत होतं, मला तर पक्कं कळत होतं. तिनं त्यांनाही दिलं. फळवाल्या बाई आतून उद्याच्या पेट्या ओढून आणत होत्या आणि पुटपुटत होत्या, "बुडव, बुडव मला," पण पेट्या आणायच्या थांबत नव्हत्या. तोंडानं वाजवणाऱ्यांची तोंडं सफरचंदांनी भरली, म्हणून नुसते ताशे वाजत राहिले. कुणीतरी हिला "अर्धा किलो" अशी हाक मारली आणि गल्लीभर तेच नाव झालं. "ए अर्धा किलो, इकडे बघ!" ती चिडायची आणि बघायचीही.

सगळ्यात शेवटी मास्तर. भिंगरीनं मान वर न करता त्यांची फळं हुकाला लावली. मास्तर वाकून, सुईला नाक लागेल इतक्या जवळून बघत राहिले. मग त्यांनी पिशवीतून एक सफरचंद काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे जास्तीचं आहे."

"असू दे ना."

"असू दे कशाला? माझं नाही ते." ते वळले. दोन पायऱ्या चढून थांबले. "वरच्या खोलीची खिडकी वाऱ्यानं आपटते. कडी लावत जा. मला आवाज सहन होत नाही."

फळवाल्या बाईंनी हिच्या पाठीत एक धपाटा घातला. "उभी काय? बॅग आण जा."

बाबांचा फोन दोन दिवसांनी आला. तोवर मी त्या वरच्या खोलीत खिडकीच्या खिळ्याला लटकत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"आजोबांच्या हातचा रंग होता तो," बाबा म्हणाले.

"आजोबा माल घेत होते, बाबा. मी देत होते. एवढं साधं आपल्याला कळलं नाही. तुम्हाला नाही आणि मलाही नाही."

बाबा म्हणाले, "आपल्या दुकानात नवा काटा आणलाय. त्याची सुई मी पुढेच ठेवलीये."

"ठेवा की. तिथं ती बरोबर आहे."

"म्हणजे तिथं एक आणि इथं एक?"

"हो."

"अशानं डोकं फिरेल माणसाचं."

"माझं फिरलंच आहे, बाबा. रोज फिरतं."

मग त्यांनी विचारलं, "सगळी खपली का सफरचंदं?"

"एकही उरलं नाही."

"हं," बाबा म्हणाले. त्या एका हुंकारात जे होतं ते मी ओळखलं. चांगला धंदा झाल्यावर आजोबा असाच हुंकार द्यायचे. मग ते घाईनं म्हणाले, "पुढच्या सुट्टीला ये घरी. तिकिटाचं मी बघतो. आणि तो काटा घेऊन ये. स्क्रू मी फिरवीन, तू हात लावायचा नाहीस."

"बघू."

"बघू नाही, ये."

"बघू म्हटलं ना!"

आता पुढची मोठी सुट्टी आलीये. खालून मावशी रोज विचारतात, "अर्धा किलो, यंदा टेबलावर उभी राहणार ना?" त्यांचा विजेचा काटा दुरुस्त झालाय, तरी माझ्यासाठी त्यांनी पत्र्याखाली नवा हूक ठोकलाय. मास्तर विचारत नाहीत, पण खिडकीला नवी कडी त्यांनीच बसवली. घरून बाबा रोज फोन करतात. भिंगरी दोन्हीकडे "बघू" म्हणते आणि खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत चालत राहते.

खरं सांगू? शून्यावर मला अजून उघडं पडल्यासारखं वाटतं. आजोबांचा तो अर्धा किलो अंगावर असायचा, त्याची ऊब वेगळी होती. पण त्या संध्याकाळी परत येऊन पिशव्या पुढे करणारी माणसंही मी विसरू शकत नाही. मला दोन्ही हवंय. काट्याला असं म्हणता येत नाही, ठाऊक आहे मला.

मोठ्या माणसांनो, तुमच्यासाठी एवढंच. तुमचं चांगलं ते आम्ही बरोबर नेतो, कुणी न सांगता नेतो. पण नव्या जागी ते आधी टांगून बघू द्या आणि गरज पडली तर फिरवू द्या. स्क्रू फिरवला म्हणून नातं तुटत नाही. फोन तेवढा बंद करू नका.

जिन्यावर पावलं वाजतायत. तिचीच आहेत, दोन दोन पायऱ्या गाळत येतेय. माझी सुई आत्तापासूनच थरथरायला लागलीये. दार उघडलं. तिनं सरळ येऊन मला खिळ्यावरून काढलंय, पण खाली गल्लीत न्यायला की बाबांकडे, ते अजून सांगितलेलं नाही.